आतला होल, बाहेरचा होल

बाबा, तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परत गेले, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमची निळी डांगरी चढवून गाडीखाली निजली. बाह्या चार घड्या दुमडाव्या लागल्या. आई व्हरांड्यात चहा घेऊन बसल्या होत्या. मला त्या अवतारात पाहून आधी त्यांचे डोळे भरले, मग त्यांना इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. तुम्ही गेल्यापासून घरात पहिल्यांदा कोणी हसलं, म्हणून मुद्दाम सांगून राहिली.

आता रागावू नका. तुम्ही गाडीखालचा बार ज्या आतल्या होलमध्ये बसवून गेले होते, तिथून काढून मी तो बाहेरच्या होलमध्ये घेतला. दोन्ही बाजूंनी. चाकं ठोकळ्यांवर चढवून, गाडीचं वजन चाकांवर ठेवूनच नट कसले, हवेत लटकती ठेवून नाही. तेवढं तुमचं ऐकलं. बाकी ऐकलं नाही.

तुमच्या लेकाला अजून कळलं नाही की सासरा अन् सून चार महिने गाडीखाली काय करून राहिले होते. रेल्वेची नोकरी, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, घरी आला की झोपतो. तुम्ही त्याला चादरीचं उदाहरण दिलं होतं, आठवते? ओली चादर दोघं जण दोन टोकांना धरून पिळतात, तं एकानं पिळलं की दुसऱ्याच्या मनगटाला कळतेच. गाडीखाली हा बार तसाच. एका अंगाच्या चाकापासून दुसऱ्या अंगाच्या चाकापर्यंत जाणारा पोलादी दांडा. वळणावर गाडी एका बाजूला दबली की तो पिळला जातो अन् गाडीला पुन्हा सरळ ओढतो. दांडा जाड, तं गाडी कमी झुकते. आपल्या म्हाताऱ्या सेडानला पुढं एक बारीक दांडा होता अन् मागं देवाचं नाव. वळणावर ती तळ्यातून निघालेल्या म्हशीसारखी कलायची. सुधीरनं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "पण चादरीचा काय संबंध?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. त्या दिवशी आपली टीम पक्की झाली.

सुरुवात कशी झाली, ते मी सगळ्यांना वेगळंच सांगते. म्हणते, बाबांना निवृत्तीनंतर काही तरी उद्योग पाहिजे होता. खरं काय ते तुम्हाला अन् मलाच माहीत आहे.

आईंना गाडी लागते. आजची गोष्ट नाही. त्यांची ताई अमरवाड्याला, गुडघे गेलेले, खाटेवरून उठवत नाही. आधी ताईच यायच्या, आता पाच वर्षांपासून दोघी बहिणी फोनवरच भेटतात. मागच्या दिवाळीनंतर आपण हिंमत केली अन् निघालो. शहपुऱ्यापर्यंत आई ठीक होत्या, नरसिंहपूरला चेहरा पांढरा पडला, अन् हर्रईच्या अलीकडे घाट लागला तं तिसऱ्याच वळणावर गाडी थांबवावी लागली. आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या अन् म्हणाल्या, "मला इथंच राहू द्या, तुम्ही जाऊन ताईला भेटून या." आपण परत फिरलो. घरी येऊन त्यांनी ताईंना फोन लावला, अन् स्वतःबद्दल एक शब्द न बोलता म्हणाल्या, "अगं, आमची गाडीच बिघडली."

तुम्ही पेपर वाचून राहिले होते. पेपर खाली केला नाही. पण आई आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "ऐकलं का बेटा? गाडी बिघडली म्हणून सांगितलं तिनं. तं चल, गाडीच दुरुस्त करू."

त्या वाक्यासाठी मी तुम्हाला सात जन्म सासरा म्हणून मागून घेईन. नवऱ्याचं पुढं पाहू.

सारी उमर फॅक्टरीत ट्रकांचं इन्स्पेक्शन केलेला माणूस तुम्ही. तुमच्या तोंडात दोनच शब्द, पास अन् फेल. पोळी पास, चहा फेल, नवा चष्मा फेल. नागपूरला मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडलांनी पत्रिका पुढं केली, ती तुम्ही बाजूला ठेवली अन् विचारलं, "बेटा, गाडी रिव्हर्स घेता येते का?" मी म्हणलं, येते. तुम्ही म्हणाले, दाखव. मी वडलांची गाडी आमच्या गल्लीतून उलटी काढून मुख्य रस्त्यावर लावली अन् परत आणली. माझी आई डोक्याला हात लावून उभी होती. तुम्ही तिथंच म्हणून टाकलं, पास. पुढं मोतीबिंदूनंतर तुम्ही स्वतः गाडी चालवणं सोडलं अन् माझ्या बाजूला बसून मला चालवू लागले. मी स्टिअरिंग धरायची, गाडी तुम्हीच चालवायचे.

नवा, जाड बार कोइंबतूरहून आला. एवढा लांब पुठ्ठ्याचा खोका पाहून शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काहो, बंदूक मागवली का?" रांझीत, तोफा-बंदुकांच्या कारखान्यांच्या शेजारी राहून लोकांना दुसरं काही सुचत नाही. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तोफ आहे, वहिनी. नळी आज आली, चाकं उद्या येतील." काकू दोन दिवस आपल्या घराकडे संशयानं पाहत होत्या.

मुन्ना भैयाच्या गॅरेजमध्ये तो बसवला तेव्हाचा तुमचा चेहरा मला कधी विसरता येणार नाही. तो बार हातात तोलून म्हणाला, "बाबूजी, ये कार है, ट्रक थोड़ी है. इतना मोटा डंडा काहे को डाल रहे हो?" तुम्ही म्हणाले, "मैडम को गाड़ी लगती है, भैया." तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "इनको?" तुम्ही म्हणाले, "नहीं, इनकी सास को. ये तो ख़ुद गाड़ी को लगती है." बाबा, माझ्या तोंडावर, माझ्याच गाडीजवळ. मी रागावली नाही, कारण मला उत्तर सुचलं नाही. आता सुचून राहिलं, तं ऐकायला तुम्ही नाही.

बारच्या दोन्ही टोकांना दोन-दोन होल. आतल्या होलमध्ये जोडलं तं बार कडक होतो, गाडी वळणावर टेबलासारखी सपाट राहते. बाहेरच्या होलमध्ये जोडलं तं थोडा नरम, गाडी जराशी झुकते, पण खड्ड्यात अंगाला झटका कमी. तुम्ही अर्थातच आतला निवडला. तुम्हाला नरम काही आवडत नव्हतं. भातसुद्धा तुम्ही दाण्यादाण्यानं तपासून खायचे.

मग ट्रायल. फॅक्टरीत म्हणे ट्रकच्या ट्रायलला माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवायची रीत होती. तुम्ही म्हणाले, तिला बसवून ट्रायल घ्यायची नाही, पास झाल्याशिवाय माणूस बसवत नाहीत. तेव्हा पोतं पाहिजे, आईंच्या वजनाचं. तुम्ही व्हरांड्यात जाऊन विचारलं, "तुझं वजन किती आहे?"

आई म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी विचारलं नाही, आता काहून विचारून राहिले?"

"टेक्निकल कारण आहे."

"मग टेक्निकलच अंदाज करा."

तुम्ही त्यांना डोक्यापासून पायापर्यंत इन्स्पेक्टरच्या नजरेनं पाहिलं अन् एक आकडा सांगितला. आई उठून आत गेल्या अन् संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलल्या नाहीत. आकडा बरोबर असावा.

हिवाळा होता, अन् वाळू कुठून आणायची म्हणून आपण पनागरहून मटाराच्या शेंगांचं पोतं आणलं. त्याला मागच्या सीटवर, आई बसतात त्याच डाव्या कोपऱ्यात बसवलं, बेल्ट लावला. पायाशी ताकाचा डबा, बिनझाकणाचा. तुम्ही पुढं, मांडीवर पॅड अन् कानावर पेन्सिल. डुमना रोडची वळणं आपण त्या दिवशी आठ वेळा घेतली. खरं सांगते बाबा, गाडी बदलून गेली होती. पूर्वी वळणावर आधी गाडी झुकायची, मग विचार करायची, मग वळायची. आता हात फिरवला की निघाली. ताकाचा एक थेंब सांडला नाही. तुम्ही पॅडवर वाकून लिहून राहिले होते, अन् तुमचे कान लाल झाले होते. आनंद झाला की तुमचे कान लाल होत, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

अन् मग परतीच्या रस्त्यावर, रांझीच्या मोडावरच्या खड्ड्यात डावं चाक गेलं. कडक बारनं तो झटका जसाच्या तसा उजवीकडे पोचवला. मागून फट्‌ असा आवाज झाला. पोतं उसवलं, ताकाचा डबा उलटला, अन् गाडीभर ताकात भिजलेल्या शेंगा. मी हसून हसून गाडी बाजूला घेतली. तुम्ही मात्र शांतपणे लिहिलं, "वळण पास. खड्डा फेल. प्रवासी फुटला."

तो कागद मी जपून ठेवला आहे. तुमच्या लेकाच्या सगळ्या प्रेमपत्रांपेक्षा तो चांगला लिहिलेला आहे.

त्या हिवाळ्यात आपण किती मटार खाल्ले याला गणती नाही. प्रत्येक ट्रायलनंतर शेंगा सोलायच्या. मटार भात, मटार उसळ, मटार पराठा, मटाराची करंजी. आई सोलता सोलता म्हणायच्या, "तुमच्या या पोत्याचं नाव काय ठेवलं?" तुम्ही म्हणायचे, "तुझंच." अन् तुम्ही दोघं हसायचे. मी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तुम्हा दोघांना कामापुरतंच बोलताना पाहिलं होतं. चष्मा कुठं आहे, गॅसवाला आला का, डाळ उतू गेली. त्या हिवाळ्यात तुम्ही एकमेकांशी बोलायला लागले. तुम्ही गाडीखाली निजले की आई व्हरांड्यातली खुर्ची जरा पुढं सरकवून बसायच्या. वाटाणे सोलायचं निमित्त. तुमचे फक्त पाय दिसायचे. त्या पायांशी बोलत राहायच्या.

आता भांडणाचं बोलू. टाळून चालणार नाही.

मी म्हणत होती, बाहेरचा होल घ्या, नरम करा. आपल्या रस्त्यांवर वळणं थोडी अन् खड्डे जास्त, आईंचं डोकं खिडकीवर आपटेल. तुम्ही म्हणत होते, घाटात खड्डे नाहीत, वळणं आहेत, अन् तिला लागते ते वळणानं. मी म्हणलं, घाटापर्यंत पोचायला तं पाहिजे. तुम्ही म्हणाले, मी जिंदगीभर गाड्या पास केल्या, तू मला शिकवून राहिली का? अन् मला राग आला, तुम्हाला माहीत आहे माझा राग. मी म्हणाली, "बाबा, तुम्हाला आईंना पोचवायचं आहे की तुमचा होल खरा करायचा आहे?"

तुम्ही स्पॅनर पुसून डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं अन् आत गेले. दोन दिवस तुम्ही मला पास म्हणाले नाही, फेल म्हणाले नाही. चहा आणून दिला तं नुसतं "ठेव." मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी माफी मागायला तीनदा तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आली अन् तीनदा परत गेली. एवढी तोंडाळ बाई मी, अन् दोन शब्द निघाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच हाक मारली. "इकडे ये. नट कसा कसायचा ते पाह." मला गाडीखाली तुमच्या बाजूला निजवलं. ठोकळे कुठं लावायचे, स्पॅनर कसा धरायचा, बारचं रबर आधी कुठं घासते, सगळं सांगितलं. तासभर आपण दोघं उताणे पडून होतो अन् भांडणाचा विषय निघाला नाही. शेवटी तुम्ही म्हणाले, "उद्या मी नसलो, अन् घाटात आवाज आला, तं तुला कळलं पाहिजे." मी म्हणलं, काहीही बोलता. तुम्ही म्हणाले, "पुढच्या रविवारी निघू. पोतं पुरे झालं. आता तिचीच ट्रायल घेऊ."

होल तुम्ही बदलला नाही. माफी मी मागितली नाही. अन् तो रविवार यायच्या आधी, गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झाले ते उठले नाही. डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल त्यांना. बाबा, चुकलंच माझं. होलबद्दल नाही, बोलण्याबद्दल. आता म्हणून टाकलं. दारापर्यंत यावं लागलं नाही, म्हणून जमलं असेल.

तेराव्याला माहेरच्या माणसांनी दुखवट्याचं लुगडं घेऊन यायचं असते. आईंच्या माहेरचं आता फक्त ताई, अन् त्या येऊ शकत नव्हत्या. फोनवर रडल्या. आईंनीच त्यांना समजावलं, "तू नको येऊ, मीच येते घ्यायला." दुखवटा घ्यायला स्वतः निघालेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. सुधीर ड्यूटीवर गेला होता. मी म्हणलं, त्याला येऊ द्या, मग जाऊ. आई म्हणाल्या, "गाडी तयार आहे ना? मग?"

म्हणून डांगरी घातली, म्हणून होल बदलला. खाली निजल्यावर तुमच्या हाताचं काम पाहिलं. प्रत्येक नटावर तपासल्याची खडूची रेघ. एका रेघेवर बोट ठेवून मी थोडा वेळ रडली, मग कामाला लागली.

निघायच्या दिवशी मी सवयीनं मागचं दार उघडलं. लिंबू, पिशव्या, ओला नॅपकिन, सगळं मागं ठेवलेलं. आई दाराशी थांबल्या अन् म्हणाल्या, "मी पुढं बसते. त्यांची जागा रिकामी चांगली दिसत नाही." मला वाटलं, दुःखानं बोलून राहिल्या. पुढचं दार उघडून दिलं.

शहपुरा गेलं. नरसिंहपूर गेलं. खड्ड्यांत गाडी अंगावर आली नाही, हे तुम्ही मान्य करा अगर नका करू. घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला मी आईंकडे पाहिलं, दुसऱ्याला पाहिलं, तिसऱ्याला पाहिलं तं त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय पाहून राहिली, रस्त्याकडे पाह." चेहरा लालबुंद, पदर खिडकीच्या वाऱ्यानं उडालेला. पळसाला फुलं आली होती, ती दाखवत होत्या. तुमच्या गोष्टी सांगत होत्या, ज्या मला सांगण्यासारख्या नव्हत्या. घाट संपला तेव्हा मी विचारलं, काही झालं का? लिंबाला हातसुद्धा लागला नव्हता. मी स्टिअरिंगवर हात मारून ओरडली, "बाबा, पास." गाडीत आम्ही दोघीच होतो, तरी ओरडली. किती खूश होती मी काय सांगू. वाटलं, तुमचा बार अन् माझा होल, दोघांनी मिळून घाट जिंकला.

अमरवाड्याला ताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींच्या गळ्यात होत्या. मग ताईंनी डोळे पुसले, आईंचा चेहरा हातात धरून नीट पाहिला अन् पहिलं वाक्य काय बोलल्या असतील?

"पुढं बसून आली ना गं? तरीच तोंड ताजं दिसून राहिलं." अन् माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिचं लहानपणापासून असंच आहे, सूनबाई. मागं बसली की लागते, पुढं बसवली की मुंबईपर्यंत नेऊन आणा."

बाबा, चार महिने. कोइंबतूरचा बार, आठ-आठ वेळा डुमना रोड, पोतीच्या पोती मटार, आपलं भांडण. अन् पुढची सीट तुमच्या पेन्सिलीसाठी राखीव. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, आपण तं कळशावर बसून वळसा घातला. तुम्हाला कधी सुचलं नाही, मला सुचलं नाही, कारण आपल्या घरात पुढं माणूस बसतो अन् मागं बाई, याच्याकडे कोणी कधी पाहिलंच नाही. सगळं तपासलं, तेवढं तपासलं नाही.

संध्याकाळी आई अंगणातल्या नळावर पाय धुऊन राहिल्या होत्या. मी गेली अन् विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"घाटात दगडावर बसल्या, तेव्हापण?"

"तेव्हा त्यांना पुढून उठा म्हणायला जीभ वळली नाही. मोतीबिंदूनंतर तेवढीच एक जागा राहिली होती त्यांना."

"अन् नंतर? चार महिने तुम्ही समोर बसून पाहत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तं दुसऱ्या दिवशी इथं पोचलो असतो."

आईंनी नळ बंद केला. पदरानं पाय पुसले, एक, मग दुसरा. मग माझ्याकडे पाहून हसल्या. इतकं छान हसल्या बाबा, तुम्ही पाहायला पाहिजे होतं.

"काहून सांगायचं बेटा?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस माझ्यासाठी जमिनीवर निजला होता. सांगितलं असतं तं उठून आला असता."